जर्मन क्रियापदं पाठ करताना ‘एअर’चं रूप आधी पकडा

जर्मन शिकायला लागल्यावर सहा सर्वनामांचा सगळा तक्ता घोकायची गरज नाही. वहीत प्रत्येक क्रियापदापुढे फक्त ‘एअर’चं, म्हणजे ‘तो’चं रूप लिहा: फारन – एअर फेअर्ट (जाणे, वाहनाने). श्प्रेशन – एअर श्प्रिश्ट (बोलणे).

का? वर्तमानकाळात धातूतला स्वर बदलायचाच असेल, तर बहुतेक क्रियापदांत तो ‘तू’ आणि ‘तो/ती/ते’ इथेच बदलतो. म्हणून इश (मी) फारऽ, पण डू (तू) फेअर्स्ट, एअर फेअर्ट. आणि आम्ही म्हणताना पुन्हा वीअर फारन. ‘एअर’चं रूप माहीत असलं की ‘डू’चं आपोआप सुटतं. ‘डू’ला शेवटी ‘स्ट’ लागतो; आपल्या ‘तू जातोस’मधला ‘स’ आठवा, चटकन बसेल. शिवाय ‘जातो-जाते’ असा लिंगभेद क्रियापदात नाही, ही केवढी सोय!

धातूच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर उच्चारासाठी सहसा मध्ये ‘अ’ येतो: एअर आर्बाइटट (तो काम करतो).

झाइन (असणे) मात्र सरळ पाठच करा: इश बिन, डू बिस्ट, एअर इस्ट, वीअर झिंड, ईअर (तुम्ही) झाइट, झी (ते/त्या) झिंड. हे पहिल्याच दिवशी लागतं.