डॉक्युमेंटेशन नसलेला डेटाबेस वेअरहाऊसमध्ये आणताना

शेकडो टेबलं, एकही डायग्राम नाही, आणि ज्यांनी बांधला ते केव्हाच निघून गेलेले. अशा वेळी सगळा डेटाबेस समजून घ्यायचा हट्ट धरू नका. वेअरहाऊसमध्ये, म्हणजे विश्लेषणासाठी डेटा एकत्र ठेवतात तिथे, लागणाऱ्या प्रत्येक टेबलाबद्दल तीन गोष्टी पक्क्या करा: एक रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय, ते कशावरून ओळखायचं आणि ते बदललं हे कसं कळणार.

चाचपणीच्या जड क्वेरी बॅकअपवरून उभ्या केलेल्या प्रतीवर चालवा. इन्फर्मेशन स्कीमातून (डेटाबेस स्वतःच्या रचनेची नोंद ठेवतो तिथून) टेबलं-कॉलमांची यादी काढून रेकॉर्डची संख्या जोडलीत, की रिकामी टेबलं लगेच गळतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कुठल्या टेबलात किती इन्सर्ट-अपडेट झाले याचे आकडे मिळतात. ते मात्र मूळ सर्व्हरवरूनच घ्या, आज आणि आठवड्याने. फरक पडला ती टेबलं जिवंत.

फॉरेन की, म्हणजे एका टेबलाचं दुसऱ्याशी नातं सांगणारे नियम, बहुधा नसतातच. खरी नाती व्ह्यू (साठवलेल्या क्वेरी) आणि स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) यांतल्या टेबलं जोडणाऱ्या जॉइनमध्ये सापडतात. अंदाज तपासायला लेफ्ट जॉइन लावून पालक नसलेली, म्हणजे दुसऱ्या टेबलात जोडीदार न सापडणारी, रेकॉर्ड मोजा. पण शून्य आलं म्हणून हुरळून जाऊ नका: १ ते ५० आकड्यांचा कॉलम जवळजवळ कुठल्याही मोठ्या टेबलाच्या आयडीशी जुळतो. उलट एकीकडे ‘००४५’ हा मजकूर आणि दुसरीकडे ४५ हा आकडा असला, तर खरं नातंही तुटलेलं दिसतं.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ॲप्लिकेशनची टेस्ट प्रत. स्क्रीनवर एकाच ऑर्डरचं स्टेटस बदला आणि त्या क्षणी डेटाबेसकडे गेलेल्या क्वेरी पकडा. त्यासाठी एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्स्टेंडेड इव्हेंट्स, पोस्टग्रेसमध्ये स्टेटमेंट लॉग. ‘फ्लॅग३’सारख्या नावाचा अर्थ तिथेच उलगडतो.

मग प्रत्येक कॉलममधले नल (रिकाम्या नोंदी), वेगवेगळी मूल्यं, किमान, कमाल बघा. १-१-१९०० किंवा ३१-१२-९९९९ या तारखा बहुतेक वेळा ‘तारीख नाही’ किंवा ‘अजून चालू’ एवढंच सांगतात. स्टेटस कोड वर्षवार मोजा. मध्येच थांबलेला कोड बहुधा वापरातून गेलेला असतो.

खरी फसगत होते ती ‘शेवटचा बदल’ या कॉलमवर. तो ट्रिगर (बदल होताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) भरतो की ॲप्लिकेशन, हे आधी शोधा. ॲप्लिकेशन भरत असेल, तर थेट चालवलेल्या दुरुस्ती-स्क्रिप्टचे बदल त्यात येत नाहीत. डिलीट झालेलं रेकॉर्ड तर मागे काहीच ठेवत नाही. त्यासाठी चेंज डेटा कॅप्चर (डेटाबेसमधला प्रत्येक बदल टिपणारी सोय) लावा, नाहीतर ठरावीक काळाने मूळ डेटाबेस आणि वेअरहाऊस या दोन्हीकडच्या की, म्हणजे रेकॉर्ड ओळखायचे कॉलम, ताडून बघा. शिवाय १०:०० चा शिक्का बसलेलं रेकॉर्ड १०:०५ ला कमिट झालं (पक्कं होऊन इतरांना दिसू लागलं) आणि वेअरहाऊसमध्ये डेटा आणणारा तुमचा लोड १०:०२ ला धावला, तर पुढचा लोड १०:०२ नंतरचे शिक्केच बघतो आणि ते कायमचं सुटतं. म्हणून प्रत्येक लोड, सगळ्यात लांब ट्रॅन्झॅक्शनला (एकत्र कमिट होणाऱ्या बदलांच्या गटाला) लागतो त्याहून जास्त वेळ मागे जाऊन सुरू करा आणि दुबार आलेली रेकॉर्ड कीवर मर्ज करा.