थकलेली बिलं आणि रात्रीची झोप

भोसरीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पगाराची तारीख जवळ आली की पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड. बिलं अडकलेली. एका रात्री उठून वहीत सगळी येणी लिहिली. डोक्यात डोंगर होता, कागदावर मोजून सहा नावं निघाली!

मग छोट्या उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी केली, तिचा नंबर बिलावर छापला. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज. तसं नम्र पत्र सहाही जणांना पाठवलं. चौघांनी महिन्याभरात पैसे दिले.

आता वसुलीचे फोन फक्त मंगळवारी. रात्री नऊनंतर वही कपाटात, मोबाइल बाहेरच्या खोलीत. परवा ही म्हणाली, "सहा वाजले तरी तुम्ही गाढ झोपेत होतात."