घरच्या प्लगवर इलेक्ट्रिक कार: आधी किलोमीटर मोजा, मग चार्जर घ्या

इलेक्ट्रिक कार बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "फुल व्हायला किती तास लागतात?" ही पेट्रोलपंपाची सवय. घरी रोज टाकी भरायची नसते, दिवसभरात जेवढी वीज संपली तेवढीच रात्री भरायची असते.

1. रोजची धाव काढा. संभाजीनगरच्या सिडकोतून वाळूज एमआयडीसीत जाणाऱ्याची ये-जा चाळीसेक किलोमीटर. जालना-संभाजीनगर अप-डाऊन करणाऱ्याची साधारण 120. छोटी-मध्यम कार एका युनिटमध्ये 6 ते 8 किलोमीटर जाते, आपण 7 धरू. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते. म्हणजे वाळूजवाल्याला रोज साडेसहा युनिट, जालनेकराला वीसच्या आसपास.

2. आता तास काढा. गीझर-एसीच्या 15 अँपिअर पॉइंटवर चालणारा पोर्टेबल चार्जर 13 अँपिअर ओढत असेल, तर 230 व्होल्टला तासाला 3 युनिट. वाळूजवाल्याचं काम सव्वादोन तासांत, जालनेकराचं सात तासांत. जेवण झाल्यावर लावा, सकाळी गाडी तयार. 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, जालनेकराचं तेच काम तीन तासांत उरकतो, पण बॅटरीत वीज भरणारा गाडीतलाच ऑनबोर्ड चार्जर 3.3 किलोवॅटचा असेल तर भिंतीवर काहीही टांगा, वेग तोच.

गावाकडे मात्र गणित बदलतं. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज 180 वर आलं, की त्याच 13 अँपिअरला तासाला सव्वादोन-अडीच युनिटच मिळतात. त्यात लाईट गेली तर आणखी उशीर. तिथे बॅटरीत एका दिवसाची धाव कायम शिल्लक ठेवा.

3. खर्च करायचाच तर अर्थिंगवर करा. माझ्या मते वॉलबॉक्सपेक्षा हे महत्त्वाचं. चार्जरवर लाल दिवा लागला की लोक गाडीला दोष देतात, आणि बऱ्याचदा कारण अर्थिंग असतं. आपल्याकडे मे महिन्यात जमीन वाळून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात पाणी टाकत राहा. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला लावा, ते दोन-तीन व्होल्टच्या आत असलेलं बरं. मीटरपासून वेगळी लाईन, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट ओढला की लाईन तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लाईन तोडणारा स्विच) घ्या. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवा, सॉकेट बदला. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच.

4. रेंज कागदावरची धरू नका. जाहिरातीतल्या आकड्याचे 65-70 टक्केच हातात येतात असं समजा. समृद्धीवर 120 ने पळवली तर त्याहूनही कमी, कारण वेग वाढला की हवेचा अडथळा त्याच्या वर्गाने वाढतो. जालनेकराला खऱ्या 180 किलोमीटरची गाडी पुरे. वर्षातून चारदा पुण्याला जाण्यासाठी लाखोंची मोठी बॅटरी घेण्यापेक्षा अहिल्यानगरजवळ फास्ट चार्जरवर चहाला थांबलेलं परवडतं.

5. बिल. घरच्या मीटरवर घरगुती दरच लागतो, पण महावितरणचे स्लॅब चढते आहेत. जालनेकराचे महिन्याला पाचशे युनिट वाढतील आणि वरचे युनिट महागात पडतील. छत असेल तर नेट मीटरिंगचं, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होणारं सोलार बघा, एक किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात. वॉलबॉक्स लावायचाच असेल, तर मीटरचा मंजूर भार (एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे ते) महावितरणकडून आधी वाढवून घ्या.