एनबीएचा सामना बघायला जाताय?

अमेरिकेत राहताय आणि एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना एकदा तरी प्रत्यक्ष बघायचाय, तर शनिवारचाच हट्ट धरू नका. साखळी हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल चालतो, प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, त्यातले जवळपास निम्मे घरच्या मैदानावर. मंगळवार-बुधवारी एखादा तळाचा संघ पाहुणा आला असेल, तर तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं. फक्त तिकिटावरचं शुल्क धरून येणारा एकूण आकडा बघा!

जागेचं म्हणाल तर मी वरच्या मजल्यावर, पण मधल्या रेषेसमोर बसेन. खाली बास्केटच्या मागे बसलं की पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते धड कळत नाही. वरून खेळाडू जागा कशा बदलतात हे अगदी पटावरच्या सोंगट्यांसारखं दिसतं.

तिकीट फोनमध्येच असतं. ते घरूनच फोनच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये टाकून ठेवा. दारात नेटवर्क हटकून रडतं आणि मागची रांग डोळे वटारते. पाठीवरची सॅक घरीच ठेवा, अनेक ठिकाणी ती आत नेऊ देत नाहीत. अर्धा-पाऊण तास आधी पोचलात तर सराव बघायला मिळतो.

खेळ कागदावर ४८ मिनिटांचा, पण घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे सव्वादोन-अडीच तास सहज जातात. चुरशीच्या सामन्यात शेवटची दोन मिनिटंच पंधरा मिनिटं खातात, तेव्हा परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.