फिजिकल थिएटर बसवताय? स्टेजवर या चुका टाळा

फिजिकल थिएटर म्हणजे मुख्यतः शरीराच्या हालचालींतून गोष्ट सांगणारं नाटक. सेट नाही, प्रॉपर्टी नाही, नुसती बॉडी आहे, मग स्टेजचा वेगळा विचार कशाला करायचा असं कॉलेजच्या बऱ्याच ग्रुपना वाटतं. पण स्टेज रिकामं असलं की कोणी उगाच केस मागे सारले तरी तेवढंच दिसतं, त्यामुळे इथे सगळं जास्त काटेकोर ठरवावं लागतं.

सगळ्यात जास्त गडबड होते ती जमिनीवरच्या हालचालींची. तालमीत आपण सगळे कडेला उभे राहून बघतो, मग सरपटणं, लोळणं, एकमेकांवर ढीग करून पडणं हे सगळं भारी वाटतं आणि ऐन प्रयोगाला हॉलमधल्या खुर्च्या एकाच लेव्हलला असतात, म्हणजे मागे बसलेल्यांना फक्त पुढच्यांची डोकी. उंच स्टेज असेल तर उलटं, पहिल्या रांगेतल्यांना मागच्या बाजूला आडवा पडलेला माणूस दिसतच नाही. म्हणून प्लीज, एक अख्खा रन, म्हणजे न थांबता केलेली पूर्ण तालीम, शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघा. महत्त्वाचं काही गुडघ्याच्या खाली घडत असेल तर ते एखाद्या लेव्हलवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर न्या, आणि हॉलवाले ऐकत असतील तर स्टेज सोडूनच द्या, खाली मधोमध करा आणि लोकांना तिन्ही बाजूंनी सतरंज्यांवर बसवा. माझ्या मते हे सगळ्यात बेस्ट.

मग लाइट्स. समोरून जनरल, म्हणजे सगळीकडे सारखा पडणारा लाइट मारला की चेहरे दिसतात पण शरीर सपाट होतं, पाठीचा कणा, बरगड्या, ताणलेला दंड काहीच उठून येत नाही. बाजूने, विंगेतून लाइट हवा. बजेट नसेल तर दोन एलईडी पार (डब्यासारखे छोटे स्टेज लाइट) स्टँडवर लावून दोन्ही विंगांत समोरासमोर ठेवा, साधारण कमरेच्या उंचीला, फक्त एंट्रीची वाट मोकळी राहू द्या आणि वायरी टेपने चिकटवा.

काळ्या विंगांपुढे काळे टीशर्ट हा तर ठरलेलाच प्रकार! धड गायब होतं, डोकी आणि हात तेवढे तरंगतात. राखाडी, मातकट, फिकट असं काहीही चालेल, फक्त फार ढगळ नको. मोजे घालून तर अजिबात नको, घसरायला होतं, अनवाणीच करा आणि आधी स्टेज झाडून खिळे, पिना बघून घ्या.

अजून एक, सगळेजण सगळा वेळ हलत असतात. मग बघायचं कुठे? 'घाशीराम कोतवाल'मधली ब्राह्मणांची रांग आठवा, 1972 चं नाटक, माणसांचाच पडदा, पाठ करून उभे राहिले की मागचं झाकलं जातं आणि रांग फुटली की दृश्य उघडतं. एका वेळी एकच काम, म्हणून ते लगेच कळतं. आणि सगळे मधोमध गोळा होत असतील तर फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक यांचा एक व्यायाम करून घ्या, त्यांनी 1956 मध्ये पॅरिसला नाटकाची शाळा काढली होती. स्टेज मधल्या एका टोकावर तोललेलं आहे असं समजायचं, एकजण आत आला की दुसऱ्याने त्याचं वजन सांभाळेल अशी जागा घ्यायची. हे रोज केलं की ब्लॉकिंगच्या, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं याच्या निम्म्या भांडणांची गरजच उरत नाही.

म्युझिक पहिल्यापासून शेवटपर्यंत लावू नका. एक रन पूर्ण शांततेत करा, पावलांचा आवाज आणि श्वास कुठे पुरतोय ते लगेच कळेल, तिथला ट्रॅक काढून टाका.

कोणाला उचलून घ्यायचं असेल तर ते प्रयोगाच्या कपड्यांतच आणि दमल्यावरही करून बघा, कारण घामाने हात सुटतात. पकड मनगटाला मनगट अशी ठेवा, सुरुवातीला खाली मॅट आणि बाजूला धरायला एकजण हवाच. शिवाय त्या दिवशी कोणाची पाठ किंवा मान दुखत असेल तर न उचलता करायची कंपोझिशन आधीच बसवून ठेवा, ऐनवेळी विंगेत ठरवायला लागू नये.