सापाची पेटी गरम ठेवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये थंडी पडली की मला फोन सुरू होतात. साप खात नाही, खाल्लेलं ओकला, पोटावर डाग पडलेत. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: पेटीचं तापमान. म्हणून आधी बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या घरी पाळल्या जाणाऱ्या दोन परदेशी सापांचे आकडे सांगतो. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २४ ते २७. कॉर्न स्नेकला गरम बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५. हे आकडे सापाचं पोट जिथे टेकतं त्या जागेचे आहेत. पेटीच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलेलं गोल काट्याचं मीटर काय दाखवतं, याला काही अर्थ नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, लावला की काम झालं असं समजणं. थर्मोस्टॅटला फक्त त्याच्या प्रोबजवळचं, म्हणजे वायरच्या टोकाला असलेल्या सेन्सरजवळचं तापमान कळतं. इंदिरानगरमधल्या एका मुलाचा बॉल पायथन मी पाहिला, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने प्रोब पेटीच्या आत रबरी चकतीने काचेला चिकटवला होता. डिसेंबरच्या रात्री साप फिरताना धक्का लागून चकती सुटली आणि प्रोब थंड बाजूच्या पाण्याच्या भांड्यात पडला. पाणी गार. थर्मोस्टॅट ३२ वर लावलेला, त्याला दिसतायत पंधरा-सोळा अंश, त्यामुळे पेटीच्या तळाखाली लावलेली विजेवर तापणारी मॅट रात्रभर एकदाही बंद झाली नाही. मॅटवरची काच तव्यासारखी तापली आणि साप त्यावरच लपणात वेटोळं घालून बसलेला. पोटाचे खवले तपकिरी पडले होते, मधे पाणी भरलेले फोड. डॉक्टरांकडची मलमपट्टी कितीतरी कात पडेपर्यंत चालली आणि डाग कायमचे राहिले. ‘साप उठून बाजूला का नाही गेला?’ असं तो मुलगा विचारत होता. खालून बसणारा चटका सापाला वेळेवर उमगत नाही, तो तिथेच बसून राहतो. त्याच्या सवयीवर विसंबून चालत नाही.

म्हणून मी प्रोब पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्या मधे पक्का बसवतो. तिथे साप पोहोचत नाही, पाणी सांडत नाही. मॅटखाली हवा खेळती राहावी म्हणून पेटीला चारही कोपऱ्यांत छोटे पाय लावतो. आतलं तापमान बघायला वेगळा थर्मामीटर, आणि कोकोपीट (तळाला पसरलेला नारळाचा भुसा) बाजूला सारून थेट काचेवर थर्मामीटर गन (न टेकवता तापमान मोजणारं यंत्र) मारून खात्री करतो, कारण साप भुसा उकरून काचेपर्यंत जातोच. एसटीसी-१००० सारख्या स्वस्त थर्मोस्टॅटचा रिले (वीज चालू-बंद करणारा आतला स्विच) कधी कधी चालू अवस्थेतच अडकतो, त्यामुळे त्याच्या पुढे दुसरा थर्मोस्टॅट ३६ वर लावून ठेवतो. पहिला अडकला तरी दुसरा वीज तोडतो. हा खर्च वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना त्या पायथनचे फोटो दाखवतो.

पेटीच्या आत चिकटपट्टी मात्र कधीही लावू नका. साप तिला चिकटला की सोडवताना कातडी निघते.

तापवायचा दगड मिळतो, तो घेऊ नका. साधा बल्ब जाळीशिवाय आत टांगू नका, साप त्याला वेटोळं घालतो. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच हवी. संपूर्ण तळ तापवला तर सापाला सरकायला जागाच उरत नाही.

उन्हाळ्यातली चूक वेगळी. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि लोक म्हणतात, थर्मोस्टॅट आहे ना! थर्मोस्टॅट मॅट बंद करतो, खोली गार करत नाही. पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेल्या काचेच्या पेटीत तासाभराचं ऊनही साप मारायला पुरतं. तेव्हा थंड बाजू किती आहे, एवढंच बघायचं. ती ३० च्या वर सरकायला लागली की मी मॅट काढतो, पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीवर ठेवतो आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून झाकणाच्या जाळीवर एका बाजूला ठेवतो.

थंडीत, निफाडकडे पारा घसरून द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत, उलट धोका. वीज गेली की पेटी हळूहळू खोलीच्या तापमानाला येते. मॅट इन्व्हर्टरवर घ्या. खाऊ घातल्यावर पेटी गार पडली तर उंदीर पोटात पचत नाही, सडतो, आणि साप ओकतो. तसं झालं तर लगेच पुन्हा खायला देऊ नका. आधी तापमान नीट करा, दहा-चौदा दिवस थांबा, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यांकडे न्या.

साप आधी आणि पेटी नंतर, ही घाई मला सगळ्यात जास्त खटकते. पेटी रिकामीच आठवडाभर चालवा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान जपून ठेवणारा थर्मामीटर गरम बाजूला एक, थंड बाजूला एक ठेवा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. आकडे सलग स्थिर दिसले की मगच साप आणा. तोही परदेशी प्रजातीचाच; धामण, अजगर असे आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तिची कागदपत्रं विकणाऱ्याकडून पैसे देण्याआधी मागून घ्या.