लंबकावरून मशीन लर्निंग कसं शिकावं

भौतिकशास्त्राचे विद्यार्थी मशीन लर्निंगकडे वळले की बहुतेक जण तयार डेटा उतरवून घेतात, लायब्ररीतलं फंक्शन चालवतात आणि अचूकतेचा मोठा आकडा दिसला की पुढच्या धड्याकडे जातात. तो आकडा खरा कशावरून, हे विचारलं की अडतं. म्हणून सुरुवात अशा प्रश्नापासून करा, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. साधा लंबक त्यासाठी फार सोयीचा. त्यावरून काढलेलं गुरुत्व त्वरण, म्हणजे जी, ९.८ च्या आसपास यायला हवं. १२ आलं तर चूक शोधायला बसायचं.

पायरी १: मोजमाप

बारीक दोरा, जड गोळा, मोजपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एवढं पुरतं. दोऱ्याची लांबी ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ मीटर ठेवून दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ, मोजा. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. एकच दोलन मोजू नका. बटण दाबताना आपल्या हाताची साधारण ०.२ सेकंदाची चूक होते, आणि २० दोलनं सलग मोजून २० ने भागलं की तीच चूक दोलनामागे ०.०१ सेकंदावर येते. घड्याळ सुरू आणि बंद करताना गोळा मधल्या, सर्वांत खालच्या बिंदूतून जात असावा. तिथे त्याचा वेग सर्वाधिक असतो, त्यामुळे तो क्षण नेमका पकडता येतो. टोकाला गोळा रेंगाळतो.

आयाम, म्हणजे गोळा मधल्या स्थितीपासून जास्तीत जास्त किती बाजूला जातो तो कोन, १० अंशांच्या आत ठेवा. १० अंशांना नेहमीचं सूत्र सुमारे ०.२ टक्क्यानेच चुकतं, ४० अंशांना मात्र ३ टक्क्यांनी.

पायरी २: आलेख

दोलनकालाचा वर्ग = (४ × पाय² ÷ जी) × लांबी. म्हणून उभ्या अक्षावर दोलनकाल न घेता त्याचा वर्ग घ्या, बिंदू सरळ रेषेत येतील. एखादा बिंदू बाजूला पडलेला दिसला तर ते मोजमाप आत्ताच पुन्हा घ्या.

पायरी ३: ग्रेडियंट डिसेंट स्वतः लिहा

इथे घाई नको, खरं शिक्षण याच पायरीत आहे. ग्रेडियंट डिसेंट म्हणजे चूक कमी होईल त्या दिशेने आकडे फेरीफेरीने थोडे थोडे बदलत नेणं. लायब्ररी बाजूला ठेवा. पायथनमध्ये दहा-बारा ओळींत काम होतं.

अंदाज = उतार × लांबी + छेद. छेद म्हणजे लांबी शून्य असताना येणारा अंदाज. लॉस म्हणजे अंदाज आणि मोजमाप यांतल्या फरकांच्या वर्गांची सरासरी. उतार आणि छेद दोन्ही शून्यापासून सुरू करा, लर्निंग रेट (एका फेरीत आकडे किती बदलायचे ते ठरवणारा गुणक) ०.१ ठेवा. पहिली फेरी कागदावर करून बघा. मोजमाप अगदी आदर्श धरलं तर चार वर्ग १.००७, २.०१४, ३.०२१, ४.०२८ येतात. ग्रेडियंट म्हणजे तो आकडा बदलला की लॉस किती वेगाने बदलतो ते: उताराचा ग्रेडियंट उणे ३.७८, छेदाचा उणे ५.०४. ग्रेडियंटला लर्निंग रेटने गुणून जुन्या आकड्यातून वजा करायचं, म्हणजे पहिल्या फेरीनंतर उतार ०.३८ आणि छेद ०.५०. प्रोग्रामने हेच आकडे दिले तरच पुढे जा.

१०० फेऱ्यांनंतर उतार ३.११ च्या आसपास दिसेल. ४ × पाय² म्हणजे ३९.४८, त्याला या उताराने भागलं की जी येतो १२.७. अनेक जण इथेच प्रयोगाला दोष देऊन मोकळे होतात. फेऱ्या १००० करा, उतार ४.०३ वर आणि जी ९.८ वर येऊन थांबेल. तोवर लॉस फार हळू उतरत होता एवढंच. लॉसचा आलेख काढला असता तर हे आधीच दिसलं असतं.

आता मुद्दाम लांबी सेंटिमीटरमध्ये भरून तोच प्रोग्राम चालवा. काही फेऱ्यांतच आकडे अफाट होतात. या चार लांबींसाठी मीटरमध्ये ०.७ पर्यंतचा लर्निंग रेट चालतो, सेंटिमीटरमध्ये जेमतेम ०.०००२. इनपुट आधी एका मापात का आणायचं, ते इथे हातानेच कळतं.

शेवटी न्यूनतम वर्गांच्या सूत्राने, म्हणजे हाच लॉस सर्वांत कमी करणारी रेषा थेट देणाऱ्या सूत्राने, उत्तर पडताळा. फ्रेंच गणिती लजांद्रने हे सूत्र १८०५ मध्ये प्रसिद्ध केलं, तेही धूमकेतूंच्या कक्षा ठरवण्याच्या कामात. ग्रेडियंट डिसेंटची कल्पना फ्रेंच गणिती कोशीने १८४७ मध्ये मांडली. दोन्ही पद्धती संगणकाच्या कितीतरी आधीच्या.

पायरी ४: छेद काय सांगतो?

साधारण ३ सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा घ्या आणि या वेळी फक्त दोऱ्याची लांबी भरा, गोळ्याची त्रिज्या सोडून द्या. छेद शून्य न येता ०.१२ च्या जवळ येईल. त्याला उताराने भागा: ०.०३ मीटर. गोळ्याची त्रिज्याच! पुस्तकात ‘बायस’ म्हणून येणारी, एरवी कोरडी वाटणारी ही राशी इथे मोजमापातली चूक नेमकी दाखवते. मोजमापं दोन-तीनदा घेऊन सरासरी काढा, नाहीतर एवढा छोटा आकडा हाताच्या चुकीत बुडून जाईल.

पायरी ५: न्यूरल नेटवर्क

आता वर्ग वगैरे न करता थेट लांबी आणि दोलनकाल देऊन एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे थरांत जोडलेल्या अशा अनेक साध्या सूत्रांचं जाळं, शिकवा. रेलू (ऋण आकड्याचं शून्य करणारं आणि धन आकडा तसाच ठेवणारं फंक्शन) वापरा, एक मधला थर पुरे. चार बिंदू अपुरे आहेत, तेव्हा याच पट्ट्यात आणखी वीसेक मोजमापं घ्या किंवा सूत्रावरून तयार करा. ०.६ मीटरला नेटवर्क छान उत्तर देईल.

मग त्याला ४ मीटरचा दोलनकाल विचारा. सूत्राने तो ४.०१ सेकंद येतो. रेलूचं नेटवर्क शिकवलेल्या पट्ट्याच्या बरंच बाहेर सरळ रेषेत जातं, आणि १ मीटरजवळ आलेखाचा उतार मीटरला सुमारे १ सेकंद असतो. त्यामुळे ते बहुधा ५ सेकंदांच्या आसपास काहीतरी सांगेल. थर वाढवून, फेऱ्या वाढवून बघा. नंतर त्याच नेटवर्कला दोलनकालाऐवजी त्याचा वर्ग शिकवा आणि ४ मीटरचा प्रश्न पुन्हा विचारा.